ताण आला की तुम्ही नेमकं काय करता?

सल्ले नकोत, ते सगळ्यांकडे असतात. स्वतः करून पाहिलेलं सांगा, मग ते रोजच्या कटकटीतलं असो की पायाखालची जमीन सरकली तेव्हाचं.

सुरुवात मी करते. साहेबांचा फोन वाजला की माझ्या छातीत धडधडायचं. आता उचलण्याआधी चार आकडे मोजत श्वास घेते, सहा मोजत सोडते, असं तीनदा. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूतून हृदयापर्यंत येणाऱ्या एका मज्जातंतूमुळे, हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. सुरुवातीला ऐन वेळी आठवायचंच नाही. शांत असताना रोज सराव केला, तेव्हा कुठे जमायला लागलं.

*

आई पंधरा दिवस आयसीयूत होती. दर तासाला नातेवाइकांचे फोन, सगळ्यांना तेच तेच सांगायचं. तिसऱ्या दिवशी हातात चिठ्ठी घेऊन औषधांच्या रांगेत उभा होतो आणि आपण इथे कशाला आलोय हेच आठवेना. त्या रात्री ताईने मावसभावाला कामाला लावलं: रोज संध्याकाळी सगळ्यांना एकच मेसेज त्याने पाठवायचा. मी वही घातली. डाव्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, उजव्या पानावर जे आपल्या हातात नाही ते. उजवी पानंच भराभर भरली, पण तिथे उतरवलं की तासभर तरी डोकं रिकामं व्हायचं. आणि आम्ही आळीपाळीने घरी जाऊन झोपलो. आई तिथे असताना झोपायचं म्हणजे फार अपराधी वाटायचं. तरी झोपाच, कारण कागदांवर सह्या आपल्यालाच करायच्या असतात.

*

डेंटिस्टने विचारलं, "झोपेत दात खाता का?" तेव्हा कळलं की दिवसाही माझा जबडा आवळलेलाच असतो. आता झोपण्यापूर्वी पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू पाच सेकंद आवळते आणि सैल सोडते. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत मांडली. खांद्यांपर्यंत पोचेस्तोवर बहुतेकदा डोळा लागतो.

*

श्वासाचं माझ्या बाबतीत उलटं झालं, म्हणून लिहितेय. मला पॅनिक अटॅक यायचे. श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच गुदमरायचं, आणि लोक म्हणायचे, "नीट करत नसशील." आधी डॉक्टरांनी हृदय, थायरॉइड सगळं तपासलं, मग समुपदेशकांकडे गेले. त्यांनी डोळे उघडे ठेवायला शिकवलं: दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ऐकायचे. पहिल्यांदा जमलं ते लिफ्टमध्ये. बटणं, आरसा, कुणाची तरी निळी पिशवी. तेवढ्यात माझा मजला आला.

*

बरं झालं लिहिलंत. कालच मी धाकट्या बहिणीला श्वास मोजायला लावला आणि ती रडकुंडीला आली. आज तिला तुमचं पाच वस्तूंचं सांगते. रात्री तीनला जाग येते त्यांनीही लिहा ना, तिला तोही त्रास आहे.