पॉलिशर घ्यायचाय, पण आधी काय घ्यायचं? (पार्किंग ग्रुप)

निखिल (ए-५०३): रविवारी पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात चाललोय. गाडीवर ऊन पडलं की कोळिष्टकासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, ते काढायचेत. गाडी काळी, हॅचबॅक. हार्डवेअरवाला म्हणतो, घरात ग्राइंडर आहे तर त्यालाच फोमचं पॅड लावा, वेगळं मशीन कशाला? चालेल का?

केदार (बी-३०४): अजिबात नाही. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. पॉलिशिंगचं रोटरी (पॅड नुसतं गोल फिरवणारं) मशीनसुद्धा १,००० ते २,००० वरच चालवतात. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मा. ग्राइंडरखाली तो काही सेकंदांत जळतो. मग कितीही पॉलिश मारा, पॅनेल रंगवावंच लागतं.

नाईक काका (सी-१०२): शिवाय आटे जुळत नाहीत. छोट्या ग्राइंडरला एम-१० चे आटे, पॉलिशिंगची प्लेट (जिला पॅड चिकटतं ती) बहुतेक एम-१४ ची. दुकानदार अडॅप्टर काढून देईल, घेऊ नकोस. खरी रोटरी घे. हाताला सवय झाली की त्यासारखं काम दुसरं कुठलंच मशीन करत नाही.

केदार: काका, सवय झाली की! पहिल्यांदा हातात घेणाऱ्याने काळ्या गाडीवर रोटरी आणि लोकरीचं पॅड फिरवलं, तर गोल ओरखडे जातील आणि त्यांच्या जागी होलोग्राम, म्हणजे उन्हात चमकणारे मशीनचे पट्टे येतील. निखिल, तू डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर घे. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय हेलकावे घेतं. जास्त दाबलं तर फिरणं थांबतं, त्यामुळे रंग जाळणं अवघड. डीए महाग पडतो, पण पॅनेल रंगवण्याच्या मानाने स्वस्तच.

नाईक काका: हे मान्य. पण बोनेटच्या उंच रेघा आणि दरवाजाच्या कडा डीएनेही उघड्या पडतात. तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. कडांवर मास्किंग टेप लाव.

निखिल: डीएमध्ये पण ८, १५, २१ असे आकडे लिहिलेले दिसतात. कुठला?

केदार: ते हेलकाव्याचं माप, मिलिमीटरमध्ये. तुझ्या गाडीला ५ इंची प्लेट आणि १५ चा घे. २१ चा मोठ्या सपाट बोनेटवर झरझर काम करतो, पण बंपरच्या गोलाईवर आणि खिडक्यांमधल्या खांबांवर पॅड फिरायचं थांबतं. ८ चा चालेल, फक्त वेळ लागेल.

दुकानात मशीन चालू करून बघ. सगळ्यात कमी वेगावर हळू उचल घेतली पाहिजे. झटक्याने सुरू होत असेल तर कंपाउंड (पॅडवर लावायची घासणारी पेस्ट) काचेपर्यंत उडेल. कार्बन ब्रशची जादा जोडी आणि बिल तिथेच मागून घे.

आता एक बारीक गोष्ट. जादा प्लेट घेशील तेव्हा आटे विचार. एम-८ आणि ५/१६ इंच हे दोन्ही बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, एक ८ मिमी, दुसरा ७.९४. पहिले दोन फेरे बसल्यासारखंही वाटतं. पाना लावून आवळलं की आटे गेले. मशीनमधून आपली प्लेट काढून सोबत ने आणि हाताने शेवटपर्यंत फिरते का ते बघ. ५ इंचाच्या मशीनला ६ ची प्लेटही नको. आतलं वजन ५ इंचाच्या हिशोबाने तोललेलं असतं, मोठी प्लेट लावली की हात थरथरून बधिर होतात.

सुनीताताई (ए-२०१): अरे, सगळे मशीनवरच बोलताय. ते सगळ्यात शेवटी घ्या. पॅड, फडकी आणि धुण्याचं सामान नसेल तर मशीन धूळच रगडत बसेल.

निखिल, यादी घे. पीएच न्यूट्रल शाम्पू, भांड्यांचं लिक्विड नको. आयर्न रिमूव्हर एक बाटली. तो ब्रेकच्या लोखंडी कणांवर जांभळा होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास मारतो, घाबरू नकोस. फक्त गार पॅनेलवर, सावलीत मार आणि वाळायच्या आत धू. मग क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी वडी), मध्यम नको, मऊ घे. लागते का ते तपासायला धुतलेल्या बोनेटवर प्लास्टिकच्या पातळ पिशवीत बोटं घालून फिरव, खरखर लागली तर क्ले हवी. ती कोरडी कधीच घासायची नाही, शाम्पूचं पाणी पुरतं. आणि जमिनीवर पडली की सरळ कचऱ्यात, धुऊन वापरायची नाही.

मायक्रोफायबरची फडकी ३५० जीएसएमची (चौरस मीटरला ३५० ग्रॅम), शिलाई नसलेल्या कडांची, १० तरी. लेबल कापून टाक, त्यानेच ओरखडे येतात. सुती कपड्यांबरोबर धुवायची नाहीत, कंडिशनर तर अजिबात नाही, धागे बुजतात.

निखिल: १० कशाला ताई?

सुनीताताई: एक कंपाउंड पुसायला, ते भरलं की दुसरं. चौपदरी घडी घातली की एका फडक्याला आठ बाजू मिळतात, तरी पाच-सहा संपतातच.

केदार: कंपाउंडचं सांगतो. बॉडीशॉपवाले मोठ्या डब्यातून सुटं देतात, ते घेऊ नकोस. त्यात तेलं भरपूर असतात. गाडी चकाकते, पण ओरखडे नुसते झाकलेले असतात, दोन-तीन धुण्यांत परत वर. सीलबंद २५० मिलीची एक मध्यम कटची (ओरखडे कापणारी) आणि एक फिनिशिंगची (शेवटी चकाकी आणणारी) बाटली घे. झाकणाखालचं सील आणि उत्पादनाची तारीख बघ. एका हॅचबॅकला प्रत्येकी १०० मिलीच्या आत भागतं.

फोम पॅड कटिंगची ४, फिनिशिंगची ३. एकाच पॅडवर अख्खी गाडी केली की ते ओलं आणि गरम होतं, कटिंग थांबतं आणि मागचा वेल्क्रो सुटतो. मधे थांबलास तर मशीन पॅडवर उभं ठेवू नको, पॅड काढून तोंड वर करून ठेव.

मशीन, टेप आणि पॅडचा ब्रश बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात बघ, बाकी नाना पेठेत. दोन्हीकडे स्कूटरनेच जा.

नाईक काका: टेप गाडीच्या रंगकामाचीच घे, १८ किंवा २४ मिमी. साधी घरकामाची उन्हात गोंद सोडते. काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर टेप लावल्याशिवाय मशीन चालू करू नको. कंपाउंड त्यात शिरून पांढरं झालं की दात घासायच्या ब्रशने तासभर बसावं लागतं.

आणि नखात अडकणारा ओरखडा पॉलिशने जात नाही. त्याच्या मागे लागू नको.

कुलकर्णी (खजिनदार): मशीन पार्किंगच्या प्लगवर लावणार? तो कॉमन मीटर आहे.

केदार: ९०० वॅटचं मशीन सलग ३ तास चालवलं तरी २.७ युनिट. एक्स्टेन्शन १.५ चौ. मिमी वायरची हवी, आणि रीलवरून पूर्ण उलगडायची. गुंडाळलेली ठेवली तर तापते. धुतलेली फरशी कोरडी झाल्यावरच.

निखिल: केदारदादा, प्रत्यक्ष कसं करायचं? व्हिडिओत सगळे वेगवेगळं सांगतात.

केदार: बॅकिंग प्लेटच्या कडेला पर्मनंट मार्करने एक जाड उभी रेघ मार. मशीन चालताना ती फिरताना दिसली पाहिजे. थांबली म्हणजे दाब जास्त किंवा पॅड तिरपं.

पहिल्यांदा पॅडवर हाताने पातळ थर चोळ, मग वाटाण्याएवढे चार थेंब. दीड बाय दीड फुटाचा चौकोन घे. मशीन टेकव आणि मगच चालू कर. आधी वेगाच्या १ आकड्यावर पसरव, मग ४-५ वर सेकंदाला एक इंच इतक्या सावकाश, आधी आडवं, मग उभं, एकूण ४ ते ६ फेऱ्या. पॅनेलला हात लावून बघ, कोमट चालेल, चटका नको. बंपर प्लास्टिकचे, त्यांची उष्णता निघत नाही, तिथे वेग एक आकडा कमी. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाड.

पहिला चौकोन झाला की निम्मं पाणी, निम्मं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारून पुस, तेलं निघतील. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघ. ओरखडे गेले असतील तर याच पद्धतीने अख्खी गाडी, नसतील तर कंपाउंड बदलण्याआधी हात आणखी हळू चालव. बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

सुनीताताई: आयपीए ज्वालाग्राही आहे, चालू मशीनजवळ बाटली नको. शेवटी वॅक्स किंवा सीलंट अगदी पातळ.

आणि सकाळी पुसायला येणाऱ्याला सांग, कोरडं फडकं लावायचं नाही. एकाच बादलीतल्या चिखलपाण्याने दहा गाड्या पुसतात, गोल ओरखडे त्याचेच आहेत. दोन बादल्या ठेव, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खंगाळायला. शेवटचं पाणी बोअरचं नको, वाळलं की पांढरे डाग राहतात.

कुलकर्णी (खजिनदार): कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी ६ ते ८. बादल्यांत भरून ठेवा, नळाला पाइप लावायचा नाही. आणि ३ युनिटचे पैसे मेंटेनन्समध्ये लावतो.

निखिल: ओके काका. या रविवारी मशीन सोडून बाकी सगळं आणतो.