मैफलीला मास्क आणि हॉलमधली हवा

प्रश्न: आईची केमो नुकतीच संपलीये, तिला गाण्याला जायचंच आहे, पण बंद एसी हॉलमधे दोन-तीन तास बसणं सेफ आहे का?

– आधी डॉक्टरांना विचारा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या) किती आहेत ते बघून सांगतील. गेलात तर एन९५च घाला, नीट बसला तर ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे अगदी बारीक, किमान ९५% कण अडवतो, कापडी मास्कचं तसं नाही.

– आयोजकांना विचारा बाहेरची ताजी हवा आत घेतात का, बरेच एसी आतलीच हवा फिरवत बसतात. मी सीओटू मीटर नेतो, म्हणजे श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, बाहेर साधारण ४२० पीपीएम (दहा लाखात ४२० भाग) असतं, आत १५०० च्या वर गेलं की हवा कोंडलीये समजायचं.

– कडेची खुर्ची घ्या. आणि आजारी माणसाला तिकिटाचे पैसे परत मिळायलाच हवेत, नाहीतर लोक ताप अंगावर काढून येतात!