सहा पडतच नाही म्हणणाऱ्या पोरांना शक्यता कशी समजवायची?

चौथी_ब
नमस्कार मंडळी. चौथीला गणित शिकवते, सध्या शक्यता सुरू आहे. वर्गाचे आठ गट केले, प्रत्येक गटाला एक फासा दिला आणि ३० वेळा टाकून ताळ्याच्या खुणा करायला सांगितल्या. त्याआधी विचारलं की कुठला आकडा पडायला सगळ्यात अवघड, तर निम्म्याहून जास्त वर्ग एका सुरात "सहा"! म्हटलं ठीक आहे, आकडे समोर आले की कळेल. तर एका गटाला सहा फक्त दोनदा पडला आणि ती पोरं नाचायला लागली की बघा मॅडम आम्ही म्हटलं होतं ना, आणि शेजारच्या गटाला नऊ वेळा पडला तर त्यांचं म्हणणं आमचा फासा लकी आहे. आता "सगळ्या आकड्यांना सारखाच चान्स" हे फळ्यावर लिहून पाठ करून घेता येईल हो, पण पटणार कसं? अपूर्णांक आत्ताच सुरू झालेत त्यामुळे १/६ वर फार भर देता येत नाही. या वयाच्या मुलांना कोणी शिकवलंय का?

दोन_अधिक_दोन
ताई तुमचे आकडे झकास आहेत, टाकून देऊ नका. ३० वेळा टाकून सहा दोनदा किंवा त्याहून कमी पडणं साधारण १० टक्के वेळा होतंच, म्हणजे आठ गट असतील तर त्यातल्या एखाद्याच्या वाट्याला हे येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. प्रत्येक गटाला बरोब्बर पाच पाच वेळा पडला असता तर उलट मला संशय आला असता.
सहा अवघड का वाटतो तर पोरं खेळताना त्याचीच वाट बघत बसतात, सोंगटी बाहेर काढायला तोच लागतो ना. तीन किती वेळा पडला नाही हे कोणी मोजतच नाही.
आता असं करा, फाशांची अदलाबदल. "लकी" फासा त्या दोनवाल्या गटाला द्या, त्यांचा यांना द्या आणि टाकायच्या आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. लिहायचाच, कारण तोंडी अंदाज नंतर हळूच बदलतात :) फासा खरंच लकी असेल तर लक त्याच्याबरोबर जायला हवं, हा तर्क नऊ वर्षांच्या मुलाला पटकन कळतो. मग आठही गटांची बेरीज फळ्यावर. २४० वेळा टाकल्यावर प्रत्येक आकडा ४० च्या आसपास, बहुतेक ३० ते ५० मध्ये दिसेल. सहाचा खांब बाकीच्यांच्या बरोबरीने उभा राहिलेला पोरांना स्वतः रंगवू द्या.

तिसरीची_ताई
माझं मत थोडं वेगळं आहे. सुरुवात फाशाने करूच नये. फासा, नाणं, सगळं सारख्या चान्सवालं दाखवत राहिलो की मुलं त्यातून भलतंच शिकतात, दोन गोष्टी होऊ शकतात म्हणजे फिफ्टी फिफ्टी. उद्या पाऊस पडेल किंवा नाही पडणार, फिफ्टी फिफ्टी! मी कागदी कप उडवायला देते. सरळ उभा, उपडा किंवा आडवा, तीनच शक्यता, पण बहुतेक वेळा आडवाच पडतो आणि इथे कोणी नशिबाला दोष देत नाही कारण कपाचा आकार डोळ्यासमोर असतो.
आणि आकड्यांच्या आधी शब्द. शक्यच नाही, क्वचित, होईलही नाहीही, बहुतेक होईल, नक्की. दोरी बांधून त्यावर चिठ्ठ्या लावायच्या आणि जागेवरून भांडू द्यायचं, गणिताच्या तासाला इतकी भांडणं दुसऱ्या कशावरून होत नाहीत.
पिशवीतले मणी घेणार असाल तर जपून. एका पिशवीत १ लाल १ निळा आणि दुसरीत २ लाल ३ निळे, लाल हवा असेल तर कुठली पिशवी? ढीगभर मुलं दुसरी घेतात, का तर तिच्यात लाल जास्त आहेत. ही गुणोत्तराची भानगड आहे, चौथीला दोन्ही पिशव्यांत एकूण मणी सारखेच ठेवा.

वहीचं_शेवटचं_पान
दोन नाण्यांचा खेळ राहिला. तीन मुलं, दोन्ही छापे आले तर पहिला जिंकला, दोन्ही काटे तर दुसरा, एक छापा एक काटा तर तिसरा. आधी सगळे म्हणतात एकदम फेअर आहे, दहा मिनिटांनी पहिले दोघं जागा बदलून मागतात. एक नाणं लाल आणि एक निळं रंगवा म्हणजे लाल-छापा निळा-काटा आणि लाल-काटा निळा-छापा हे वेगवेगळे आहेत हे दिसतं, म्हणून तिसऱ्याला चारातले दोन. मुलांचं चुकलं तर हसू नका, दालांबेरसारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये विश्वकोशात नाण्यावर लिहिताना साधारण अशीच गल्लत केली होती. दोन टाकांत निदान एक छापा येण्याची शक्यता त्याने तीनातली दोन धरली, खरी चारातली तीन.

चौथी_ब
वा, कप आवडला! अदलाबदल उद्याच करते. एक विचारू का, मोबाईलवर फाशाचं अॅप दाखवलं तर पटकन हजार वेळा होईल ना?

दोन_अधिक_दोन
होईल, पण अॅपवर पोरांचा विश्वास नसतो, "ते आधीच ठरवलेलं असतं" म्हणतात. हाताने टाकून झाल्यावर दाखवा.
आणि हे तुमच्यासाठी, मुलांना नको. जॉन केरिच म्हणून गणिताचे प्राध्यापक दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत होते, तिथे त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवलं. १०० वेळांत छापे ४४, १००० मध्ये ५०२, शेवटी ५०६७. बघा, निम्म्यापासूनचा फरक आधी ६ होता आणि शेवटी ६७, म्हणजे नाणं मागची भरपाई वगैरे काही करत नाही, फरक वाढतो तरी टक्केवारी ४४ वरून ५०.६७ वर येते. त्यामुळे "आता इतका वेळ आला नाही म्हणजे येईलच" असं एखादं पोरगं म्हणालं तर तिथे जरूर थांबा.

तिसरीची_ताई
आणि फासे खोक्याच्या झाकणात टाकायला लावा, नाहीतर अर्धा तास बाकाखाली शोधण्यात जातो.