'पत्ता जतन करा' हे बरोबर आहे का?

मुठाकाठ:
पेठेतल्या एका जुन्या वाचनालयासाठी घरपोच पुस्तकांचं ॲप करतेय. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषा. ॲप फ्लटरमध्ये (ॲप बनवायच्या एका साधनात) आहे. प्रत्येक भाषेच्या मजकुराची एक 'एआरबी' नावाची फाइल असते आणि ॲप बांधताना त्या फाइलींतून डार्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड आपोआप तयार होतो. फाइलमध्ये प्रत्येक मजकुराला एक खूण असते, तिला 'की' म्हणतात. 'सेव्ह'साठी अशी एकच की आहे, ती ॲपभर वापरलीय. मराठी फाइलमध्ये तिच्यापुढे 'जतन करा' लिहिलं, कारण फोनवर तेच बघितलं होतं. वाचनालयातल्या बाईंनी पत्त्याच्या फॉर्मखाली ते बटण बघितलं आणि म्हणाल्या, "जतन आम्ही पोथ्यांचं करतो. पत्त्याचं कसलं जतन?" 'साठवा' सुचवलं, तर म्हणाल्या साठवतात ते धान्य. मला त्यांचं म्हणणं पटतंय, पण मग लिहू काय?

निवृत्त बाई:
त्यांचं अगदी बरोबर आहे. जतन म्हटलं की काळजी आली. वस्तू झिजेल, कसर लागेल, हरवेल ही धास्ती त्या शब्दात आहे. भांडारकर संस्था १९१७ साली निघाली. तिथे हस्तलिखितांचं जे चालतं त्याला जतन म्हणावं. पत्ता काय, भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतो. आपण घरात 'नंबर लिहून ठेव', 'पत्ता घेऊन ठेव' म्हणतो. हे 'ठेवणं' मराठीत किती कामं करतं बघा: करून ठेव, सांगून ठेव, झाकून ठेव. पुढे लागेल म्हणून आत्ता केलं, एवढा सगळा अर्थ त्या एका क्रियापदात येतो. बटणावर नुसतं 'ठेवा' लिहा. छोटं आहे, मावेलही.

चिंचवडकर:
बाई, नुसतं 'ठेवा' वाचून माणूस विचारेल, कुठे ठेवू? शिवाय ठेवा म्हणजे खजिनाही. सरळ 'सेव्ह करा' लिहावं. आमच्याकडच्या भाजीवाल्या मावशी "दादा, माझा नंबर सेव्ह करा" म्हणतात. त्यांना समजणारा शब्द सोडून आपण कोणासाठी ॲप करतोय?

आप्पा नारायणपेठ:
मावशींना दुसरा शब्द कधी दिसलाच नाही, म्हणून त्या 'सेव्ह' म्हणतात. 'दिनांक' आणि 'महापौर' हे सावरकरांचे शब्द लोकांनी आधी मागितले नव्हते. ते अर्जांवर आणि पाट्यांवर आले आणि रुळले. आज अर्जाची जागा ॲपच्या बटणाने घेतली आहे. तिथे जे लिहाल ते पुढच्या पिढीची मराठी होईल. ही जबाबदारी लहान नाही.

चिंचवडकर:
आप्पा, अर्जावर दिनांक असला तरी तोंडात तारीखच आहे. तारीख अरबी. तुमच्या ॲपमध्ये शेजारच्या बटणावर 'रद्द करा' असेल, तेही अरबी. ते कसं चालतं?

आप्पा नारायणपेठ:
चालतं, कारण ते मराठीत मुरलं. रद्दपासून रद्दबातल झालं, आणि रद्दी तर प्रत्येक घरात आहे. जो शब्द आपल्या भाषेत नांदतो, गोतावळा जमवतो, तो आपला. 'सेव्ह'चा गोतावळा दाखवा.

चिंचवडकर:
'सेव्हलंय' म्हणतात आमच्या ऑफिसातली मुलं. मराठी प्रत्यय लागला की नाही?

व्युत्पत्तीवेडा:
मूळ शब्दाकडे कोणीच बघत नाहीये. जतन आलं यत्नावरून. प्राकृतात आरंभीच्या य चा ज होतो, ही मराठीची फार जुनी सवय आहे. यात्रेची जत्रा झाली, यवाचे जव झाले. युग म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. आणि माझा लाडका: यंत्र म्हणजे जातं! आजी जात्यावर बसायची तेव्हा ती यंत्रच चालवत होती. यत्न म्हणून पाहिलं तर 'पत्ता जतन करा' यात काही चूक नाही.

निवृत्त बाई:
मूळ अर्थावर आज कोणी वाक्य बोलत नाही हो. जू म्हणताना कोणाच्या मनात युग असतं?

मुठाकाठ:
सगळ्यांचे आभार. एक गोष्ट नक्की झाली: 'सेव्ह'ची एक की पुरणार नाही. पत्त्याला वेगळी, 'नंतर वाचायच्या' यादीला वेगळी. एआरबीमध्ये प्रत्येक कीखाली वर्णनाची जागा असते. ती आमच्या मूळ इंग्रजी फाइलमध्ये रिकामीच आहे, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला बटण कुठलं ते कळतच नाही. 'कॅन्सल'ची तीच गत. "पुस्तकाची मागणी रद्द करायची?" या प्रश्नाखाली 'रद्द करा' असं बटण आलं, तर मागणी रद्द होणार की रद्द करणं रद्द होणार? तिथे मी 'हो, रद्द करा' आणि 'नको, राहू दे' केलंय.

पण याहून मोठा घोळ दुसराच आहे. वाक्यात भागाच्या नावासाठी रिकामी जागा सोडलीय आणि पुढे 'ला' चिकटवलाय. कोथरूडला, हडपसरला, खराडीला ठीक येतं. पण 'पुस्तक उद्या कोंढवाला पोहोचेल'! येरवडाला, मुंढवाला, तसंच. हिंदीत 'कोंढवा में' विनातक्रार चालतं, म्हणून मराठी फाइल तपासताना हे कोणाच्या नजरेत आलं नाही.

निवृत्त बाई:
अरे देवा. कोंढव्याला! येरवड्याला! मराठी नाम प्रत्यय लागण्याआधी वाकतं, हे तुमच्या यंत्राला माहीत नाही.

चिंचवडकर:
यंत्र फक्त जागेत नाव भरतं. त्याला अनेकवचन मात्र कळतं, ते नियम युनिकोडच्या सीएलडीआरमधून, म्हणजे भाषाभाषांच्या नियमांच्या संग्रहातून येतात. तेही हिंदीवरून नकलू नका. हिंदी-गुजरातीत शून्याला एकवचनाचं रूप मिळतं, मराठीत फक्त १ ला. '० वह्या' बरोबर. त्यापेक्षा शून्यासाठी वेगळी ओळ लिहा, 'एकही पुस्तक नाही'. अंकांचंही तेच. मराठी निवडली की संख्या देवनागरी अंकांत येतात, हिंदीत इंग्रजी अंकांत. हे फोनवर बघितल्याशिवाय सोडू नका.

आप्पा नारायणपेठ:
भागाच्या नावासाठी 'कोंढवा येथे' लिहावं. नाव वाकवावं लागत नाही.

निवृत्त बाई:
'आपले पुस्तक कोंढवा येथे पोहोचेल' ही तहसील कचेरीची नोटीस झाली. वाचनालय घरच्यासारखं बोलायला हवं.

चिंचवडकर:
बसच्या पाटीसारखं करा. 'स्वारगेट ते कात्रज' म्हणताना काही वाकत नाही. ॲपमध्ये वर 'भाग: कोंढवा' आणि खाली 'पुस्तक उद्या पोहोचेल'. वाक्यात नाव नकोच. किंवा छोटी स्क्रिप्ट लिहा: शेवटी आ किंवा ए असेल तर 'या' लावून 'ला'. पुणे–पुण्याला, कोंढवा–कोंढव्याला. कोड तयार होतानाच रूपंही तयार होतील.

निवृत्त बाई:
नियम एवढा सोपा असता तर मी तीस वर्षं शाळेत काय केलं? 'नागपूरला' म्हणताना नाव वाकत नाही, पण 'नागपुरात' म्हणताना वाकतं, आणि पू चा पु होतो. 'गरीब, गरिबाला' हा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांतला नियम तोच. 'जळगावला' पण 'जळगावात'. म्हणजे एकाच गावाची दोन रूपं, प्रत्ययाप्रमाणे. 'ला'चा एक रकाना आणि 'त'चा दुसरा.

मुठाकाठ:
बाई, हे सोन्यासारखं आहे. मग स्क्रिप्ट नको, तक्ताच करते. वाचनालय पुस्तकं पोहोचवतं ते भाग मोजकेच आहेत. प्रत्येकाचं 'ला'चं आणि 'त'चं रूप हाताने लिहायचं, कोड त्या तक्त्यातून तयार करायचा. कोंढवा, मुंढवा, येरवडा झाले. वारजे अडलंय. पुस्तकं पोहोचवणारा मुलगा 'वारज्याला' म्हणतो, वाचनालयाच्या दोन सभासद 'वारजेला' म्हणतात. दोघी तिथेच राहतात.

आप्पा नारायणपेठ:
वारज्याला. पुण्याला तसं वारज्याला. यात मत कसलं विचारायचं?

चिंचवडकर:
राहणाऱ्यांचं गावाच्या नावावर काहीच चालत नाही का? माझी बहीण तिथे आहे, ती 'वारजेला ये' म्हणते.

निवृत्त बाई:
तिला 'कुठे राहतेस' विचारा. 'वारजेत' म्हणते की 'वारज्यात'?

चिंचवडकर:
'वारज्यात' म्हणते! फोन करून विचारलं.

निवृत्त बाई:
म्हणजे 'ला'ला सरळ रूप आणि 'त'ला वाकलेलं. नागपूरसारखंच झालं की.

आप्पा नारायणपेठ:
नागपूर अकारान्त आहे. वारजे एकारान्त. ही तुलना व्याकरणात बसत नाही.

व्युत्पत्तीवेडा:
आणि मगरपट्टा? पट्टा शब्द म्हणून बघितला तर मगरपट्ट्याला. पण तिथले लोक ते वसाहतीचं विशेषनाम समजून 'मगरपट्टाला' म्हणताना मी रोज ऐकतो.