नागपूर ते शिकागो, चौघांचे मिळून १२,००० डॉलर: कस्टमला सांगावं लागेल का?

धरमपेठकर: आई-बाबा, बायको आणि मी, दोह्यामार्गे शिकागोला जातोय. प्रत्येकाकडे ३,००० डॉलर रोख. भारतातून माणशी तेवढे नेता येतात, मग अमेरिकेत काय दाखवायचं?

सीताबर्डी_फॉरेक्स: भाऊ, इथेच लोक फसतात. भारताची ३,००० ची मर्यादा माणशी आहे. अमेरिकेत मात्र एका घरातले लोक एकत्र डिक्लेरेशन देतात, तेव्हा सगळ्यांची रोकड एकत्र मोजतात. १०,००० डॉलरच्या वर गेली की फिनसेन १०५ हा रोकड जाहीर करायचा अमेरिकी सरकारी फॉर्म भरायचा. ऑनलाइन आधी भरा किंवा उतरल्यावर अधिकाऱ्याकडून घ्या. कर लागत नाही, पैसे नेण्यावर बंदीही नाही. लपवले तर मात्र जप्ती. फॉर्म टाळायला पैसे वाटून घेणं हाही गुन्हाच.

सदर_जुना: रुपये, युरो, ट्रॅव्हलर्स चेकही बेरजेत धरा. फॉरेक्स कार्डावरचे (आधीच परदेशी चलन भरलेलं कार्ड) पैसे धरत नाहीत, म्हणून खरं तर निम्मी रक्कम कार्डावरच टाका ना बाप्पा! मनी चेंजरची पावती पासपोर्टसोबत ठेवा, चेक-इन बॅगेत नको. ५०,००० रुपयांवरचे डॉलर रोखीने मिळत नाहीत, चेक किंवा बँकेतूनच पैसे द्या.

धरमपेठकर: आणि परत येताना?

सीताबर्डी_फॉरेक्स: भारतात नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा चेक वगैरे धरून १०,००० च्या वर असतील तर रेड चॅनलला (कस्टमला काही जाहीर करायचं असणाऱ्यांची रांग) जाऊन करन्सी डिक्लेरेशन फॉर्म. भारतीय नोटा जाता-येता माणशी २५,००० रुपयांपर्यंतच.