कुळागरातील पावसाळा आणि चार वर्षांची मुलगी

प्रश्न (फोंड्याहून): पुरुमेंत (पावसाळ्यासाठीचा घरगुती साठा) भरून झाले आणि मृगही लागला. आमच्या छोट्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) हाताला कामे पुष्कळ आहेत. परंतु चार वर्षांच्या मुलीला त्यांत सुरक्षितपणे कसे सामावून घ्यावे?

सत्तरीकर: भेंडी, दोडकी आणि चिबूड यांचे बी तिच्याच हातून टोचून घ्यावे. चिबूड चतुर्थीच्या माटोळीला (गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या सजावटीला) लागतो, त्यामुळे आपण लावलेले फळ गणपतीच्या वर टांगले जाणार हे कळल्यावर मूल वेलाची रोज विचारपूस करते, आणि माझ्या मते हे कोणत्याही खेळण्यापेक्षा सरस आहे. वेलाला पाणी घालण्याचा हट्ट मात्र पावसातही धरला जातो.

डिचोलीची आजी: चिऱ्यांच्या गडग्यांत (दगडी कुंपणांत) व कुजलेल्या पाचोळ्यात फुरसे हा विषारी साप दडतो, म्हणून तिकडे हात घालू देऊ नये आणि गमबूट घातल्याशिवाय बाहेर सोडू नये. पायाला जखम असल्यास साचलेल्या पाण्यापासून दूर ठेवावे, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

माशेलकर: चिखलाची हौस आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडील चिखलकाल्यात (चिखलात खेळण्याच्या उत्सवात) भागवावी; लहान मुलांना कडेने उभे करावे.