मदत हवी आहे : पूर यायच्या आधी गावाची तयारी, रात्री निरोप कसा द्यायचा अन् ढोरं कशी काढायची?

नमस्कार. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेच्या काठी, गोसीखुर्द धरणाच्या खाली. मी बचत गटाची सीआरपी, म्हणजे गावातल्या गटांचं काम पाहणारी, यंदा गावाच्या आपत्ती समितीत माझं नाव घातलं म्हणून विचारून राहिली आहे.

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटी पूर आला तेव्हा आमच्याकडे म्हणावा असा पाऊसच नव्हता, पडला तो तिकडे मध्य प्रदेशात, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, मग गोसीखुर्दचे ३३ च्या ३३ गेट उघडले, अन् आम्ही आभाळ पाहून निश्चिंत झोपलो. निरोप आला तोवर पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात होतं. माझ्या मामेसासऱ्यांच्या दोन म्हशी कोठ्यात दाव्यालाच राहिल्या, परत जाताच आलं नाही. अजूनही रात्री नदीकडून आवाज आला की ते उठून दावी सोडून येतात.

गावाचा जुना आपत्ती आराखडा पाहिला तर फोन लागत नाहीत, निवारा म्हणून शाळा लिहिली आहे अन् त्याच शाळेत तेव्हा खिडकीपर्यंत पाणी होतं. म्हणून आम्ही आठ बाया घरोघरी फिरलो, कोण अंथरुणावर आहे, कोण गरोदर आहे, कोण म्हातारी एकटी राहते, पोहता कोणाले येते, सगळं वहीत लिहिलं. ढिवर मोहल्ल्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, चार डोंगे (लहान नावा) निघाले, ते कोणत्याच यादीत नव्हते, अन् तेव्हा माणसं काढली ती ह्याच लोकांनी.

आता अडलं ते असं. रात्री लाइन गेली की टॉवर जाते, मंदिराचा भोंगा लाइनवरच चालते, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा काय उपयोग? ११२ अन् जिल्ह्याचा १०७७ सगळ्यांना पाठ करवला आहे पण गावातल्या गावात निरोप कसा द्यायचा? दुसरं म्हणजे ढोरं सोडून लोक घराबाहेर निघतच नाहीत. उंच जागा दोन किलोमीटरवर, तिथं ढोरांना तणस (धानाचा वाळला चारा) नाही, पाणी नाही. कोणी केलं असेल तर सांगा, पावसाळा तोंडावर आहे.

प्रतिसाद : ताई, मी वर्धा नदीकडचा, मोवाडच्या जवळचा. १९९१ च्या जुलैत मोवाड वाहून गेलं, दोनशेवर माणसं गेली. वरून निरोप यायची वाट पाहूच नका. पुलाच्या खांबावर ऑइल पेंटनं दोन पट्टे मारा, पाणी पिवळ्याला लागलं की ढोरं हलवायची, वरच्या लाल पट्ट्याला लागायच्या आत माणसं बाहेर. गेट सुटल्याची बातमी आली की रात्री दोघांची पाळी लावा. अन् भोंगा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालते, वायरमनला सांगून आत्ताच जोडून घ्या, रात्री अंधारात कोण जोडत बसते.

प्रतिसाद : मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो. घटसर्प अन् फऱ्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या, सगळी ढोरं एका जागी आली की रोग पसरते. दाव्याला ओढली की सुटेल अशी सरकगाठ मारा, पोरांनासुद्धा शिकवा. कानातला बिल्ला दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो काढून ठेवा, नुकसान झालंच तर पंचनाम्याला कामी येते. तणस उन्हाळ्यातच उंचावर नेऊन रचा.

मूळ प्रश्नकर्ती : दोघांचेही खूप आभार भाऊ. तणशीचं उद्याच बोलते, तीन बैलबंड्या मिळतील. पण पिवळा पट्टा किती उंचीवर मारायचा? खांबावरून बांधीपर्यंत पाणी यायला किती वेळ लागला ते नेमकं कोणालेच आठवत नाही. डोंगेवाल्या काकांना सकाळी नदीवर नेऊन विचारते, अजून काय काय विचारू ते सांगा.